दुसरा थांबा

"त्या शशीबरोबर काही मांडायला बसू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "ती मध्येच उठून जाते. खोडच आहे तिची."

त्या भरताच्या वांग्याला तेल चोळत होत्या आणि मी मनवाच्या मुठीतून खडूचा तुकडा सोडवत होते. मनवा तेव्हा सव्वा वर्षाची होती आणि जगातली प्रत्येक वस्तू गिळून बघायच्या बेतात असायची. मी हसून म्हटलं, "आई, आगगाडी मांडायचीय. संसार नाही मांडायचा."

त्यांनी वांगं गॅसवर ठेवलं, ज्योत मोठी केली. "तेच सांगतेय," म्हणाल्या.

मी ते झटकून टाकलं. मिरजेत लग्न होऊन आल्यापासून इतके इशारे ऐकले होते की विचारू नका. पोरीला तिन्हीसांजेला बाहेर नेऊ नकोस, ओल्या केसांनी पाजू नकोस, शिकलीस म्हणून सारखं वाचत बसू नकोस. ते सगळे मी मनात घोकत बसायची. मनवा शिंकली तरी मी थर्मामीटर शोधायची. तेवढा हा एकच इशारा मला हसण्यावारी नेता आला.

शशीताई आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. निवृत्त नर्स. मनवा अंगावर पीत होती तेव्हा एकदा तिची टाळू खाली गेल्यासारखी वाटली म्हणून मी पायात चप्पल न घालता त्यांच्याकडे धावले होते. त्यांनी मनवाला उलटंसुलटं करून पाहिलं, मग माझं मनगट धरून माझीच नाडी मोजली.

"पोर ठणठणीत आहे. आईला काहीतरी काम द्यायला हवंय. तू फिजिक्स केलंयस ना? आत ये."

आत, जिथे इतर घरांत जेवणाचं टेबल असतं, तिथे एक अख्खं गाव मांडलेलं होतं. बोटाच्या रुंदीचे रूळ. मिरजेच्या सतारवाल्यांकडून तंबोऱ्याचा फुटका भोपळा मागून आणून केलेली टेकडी. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची झुडपं. माती मात्र खरी, काळी, वस्त्रगाळ केलेली. एका टोकाला कौलारू शेळवाडी स्टेशन, दुसऱ्या टोकाला नुसतं एक फाटक आणि त्याच्या पुढे रुळालगत एक बाभूळ. मिरजेहून पूर्वेकडे जायची ती अडीच फुटी लाइन, छोटी गाडी म्हणत तिला लोक. पुढे तिथे रुंद रूळ पडले आणि छोटी गाडी गेली. शशीताईंचे वडील त्या लाइनीवर स्टेशनमास्तर होते, एवढं मला तेव्हा कळलं.

"गाडी चालते," त्या म्हणाल्या, "पण फाटकाशी अडखळते. मला ती तिथे थांबायला हवीय. थांबणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं."

त्या दिवसापासून दुपारी मनवा झोपली की मी तिला खांद्यावर टाकून तिकडे जायची. रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी तार जोडली, म्हणजे वीज कुठेच कमी पडू नये. इंजिन हलकं होतं म्हणून त्याच्या पोटात मासेमारीच्या गळाला लावतात ती शिशाची वजनं भरली. त्या वजनांची डबी मी कपाटाच्या माथ्यावर ठेवायची आणि तरीही दर थोड्या वेळाने मनवाच्या तोंडात बोट घालून बघायची.

"अगं, बाभूळ गिळेल एक वेळ ती, पण शिसं नाही," शशीताई म्हणायच्या. "सोड तिला."

फाटकाची रीत त्यांनी मला समजावून सांगितली. त्या फाटकाला फाटकवाला नव्हता. गाडी अलीकडे थांबायची, इंजिनावरचा खलाशी उतरून फाटक लावायचा. हा पहिला थांबा. मग गाडी फाटक ओलांडायची आणि शेवटचा डबा पार झाला की पुन्हा उभी राहायची. आता गार्ड उतरून मागे चालत जायचा, फाटक उघडायचा, खोळंबलेल्या बैलगाड्यांना वाट द्यायचा आणि परत येऊन डब्यात चढायचा. हा दुसरा थांबा. मग शिट्टी.

गार्डची बाहुली मी रंगवली. पांढरा कोट, काळी टोपी, काखेत झेंड्या. फाटकाशी उभा राहून तो गाडीकडे बघतोय अशी चिकटवली. शशीताईंनी ब्लेडने ती सोडवली, फिरवली आणि परत चिकटवली.

"तोंड रस्त्याकडे."

"पण गार्डचं सगळं लक्ष गाडीकडे असतं ना?"

"या गार्डचं नव्हतं."

फाटक उघडमीट करायला आम्ही टेबलाखालून सायकलच्या ब्रेकची तार नेली. त्या टोकाला शशीताई उभ्या राहत, मी स्टेशनाच्या टोकाला वेगाचं बटण धरून. माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं की म्हणत, "गाडीकडे बघ. माझ्याकडे काय आहे?" त्यांच्या टोकाला दुसरीही एक तार लोंबत होती. जादाची असेल म्हणून मी विचारलं नाही.

पुण्याच्या एका हौशी मंडळाचं छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन भरायचं. त्याचे चिटणीस वर्तक आमची मांडणी बघायला मिरजेला आले. निवृत्त इंजिनिअर, खिशाला नावाचा बिल्ला, तोही घरी आलेले असताना.

"उत्तम!" ते म्हणाले. "भोपळ्याची टेकडी तर लाजवाब. फक्त एक सुधारणा करा. ते फाटकाचे थांबे काढून टाका. लोक टेबलाशी क्षणभर टेकतात. त्या क्षणी गाडी हलत नसली की पुढे सटकतात."

"पहिला थांबा काढा हवं तर," शशीताई म्हणाल्या. "दुसरा राहणार."

"दुसऱ्यात एवढं काय आहे?"

"दुसरा राहणार."

वर्तक माझ्याकडे बघून हसले. "वय झालं की माणूस हट्टी होतो."

"तुमचं वय काय हो, वर्तक?" शशीताईंनी विचारलं.

तरी त्यांनी आम्हाला जागा दिली. हॉलच्या मधोमध. जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. त्यांना समजवा."

मी समजावलं नाही. का नाही, तेही मला सांगता आलं नसतं. एवढंच ठाऊक होतं की त्या बाईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होती ते एवढंच, की गाडी तिथे थांबली पाहिजे.

घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं. "गौरीपुढे मांडायचा देखावा पुण्याला कशाला न्यायचा? आणि पोरीला घेऊन? त्या बाईबरोबर?"

"जाणार आहे," मी म्हटलं. लग्नानंतर 'जाऊ का' न म्हणता 'जाणार आहे' असं मी पहिल्यांदाच म्हटलं. नवऱ्याने पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वर धरला.

पहिला दिवस. हॉलभर गाड्या गरगरत होत्या. डोंगरातून, पुलावरून, कुठे विजेचे दिवे, कुठे धूर. आमची गाडी शेळवाडीहून सुटायची, फाटकाशी थांबायची, पुढे जाऊन परत थांबायची.

"बंद पडली रे."

"काकू, सेल बदला!"

"चला बाबा, ते बघ तिकडे बुलेट ट्रेन."

मनवा हॉलच्या गर्दीत कुठे निसटेल या धास्तीने मी ओढणीचं एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरं तिच्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलं होतं. दुपारी ती खूपच किरकिरायला लागली म्हणून मी खाली बसून तिला केळं भरवत होते. डोक्यावर आवाज आला, "जरा बघू." वर बघते तो वर्तकांचा हात बटणावर.

त्यांनी गाडी पळवली. फाटकाशी न थांबता थेट, बाभळीवरून पुढे टोकाला, तशीच उलटी, पुन्हा पुढे. लोक जमले. कुणीतरी शिट्टी वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा!" वर्तक म्हणाले. "एवढंच तर सांगत होतो."

शशीताई त्यांच्या टोकाला तार हातात धरून उभ्या होत्या. गाडी त्यांच्यापुढून गेली, आली, गेली. मग त्यांनी तार सोडली, पदराला हात पुसले आणि हॉलच्या दाराकडे चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही.

ती मध्येच उठून जाते. खोडच आहे तिची.

माझ्या कानात सासूबाईंचं वाक्य वाजलं आणि मला त्या वाक्याचा असा काही राग आला की मी केळ्याच्या चिकट हातानेच वर्तकांचं मनगट धरलं.

"हात काढा."

"अहो, पण लोक थांबलेत!"

"गाडी थांबली नाही."

"हे बघा," त्यांनी आवाज खाली आणला, "हॉलमध्ये पळत्या गाड्याच असतात. तुम्हाला हट्टच करायचा असेल तर टेबल बाहेर पॅसेजमध्ये न्यावं लागेल."

"कुठला पॅसेज? तो पाण्याच्या कूलरजवळचा?"

"हो."

"मग बघता काय? त्या बाजूने धरा. जड आहे."

त्यांना वाटलं नव्हतं मी खरंच उचलेन. मांडणीचे दोन भाग कडी काढली की सुटायचे. मी सगळ्या तारा सोडवल्या, भोपळ्याच्या टेकडीवर हात ठेवला आणि त्यांची वाट बघत उभी राहिले. लोक बघत होते. चिटणीसांना शेवटी टेबलाचं टोक धरावं लागलं. कमरेला बांधलेली मनवा आमच्यामागून "गाडी, गाडी" करत येत होती.

पॅसेजमध्ये कूलर गुरगुरत होता आणि खाली पाणी सांडलेलं होतं. मी मांडणी जोडली, तारा लावल्या. शशीताईंचा पत्ता नव्हता. एकटीने चालवायचं तर दोन्ही टोकं सांभाळायला हवीत म्हणून बटण लांब तारेवर घेऊन मी फाटकाच्या टोकाला आले. तिथे मी आजवर कधी उभीच राहिले नव्हते. गाडी दुसऱ्या थांब्याला उभी केली. फाटकाची तार चाचपली, तर हाताला ती दुसरी लागली. ओढली.

बाभळीच्या बुंध्यामागून एक मुलगी बाहेर आली.

बोटाच्या पेरापेक्षा लहान. निळी साडी, छातीशी कापडी पिशवी. मातीतल्या एका बारीक खाचेतून ती सरकत शेवटच्या डब्याच्या पायरीशी गेली आणि टक् करून चिकटली. पायरीला इवलासा लोहचुंबक होता. मी गाडी सोडली, तर ती गाडीबरोबर निघून गेली. आणि हे सगळं डब्याच्या पलीकडच्या अंगाला. समोर उभ्या असलेल्या माणसाला फक्त पाठमोरा गार्ड दिसणार आणि थांबलेली गाडी.

"सापडली वाटतं," मागून आवाज आला. शशीताई कागदी पेल्यांत चहा घेऊन उभ्या होत्या. "चहा आणायला गेले होते. तुला काय वाटलं, पळून गेले?"

मला तेच वाटलं होतं.

त्या कूलरशेजारच्या बाकावर बसल्या. मनवाला मांडीवर घेतलं.

"तिकीट वडील द्यायचे. झेंडा वडील दाखवायचे. मग मी चढणार कुठून, सांग बघू? लग्न आठवड्यावर आलेलं, मुंडावळ्या घरात येऊन पडलेल्या. आणि मिरजेला नर्सिंगची मुलाखत. वडिलांना म्हटलं, एकदा जाऊन येते. ते म्हणाले, सासरी गेल्यावर कर काय ती सेवा."

"आणि गार्ड?"

"गार्डकाकांनी मला बाभळीमागे पाहिलं होतं. उतरले, फाटकाशी गेले, आणि गाडीकडे पाठ करून बिडी पेटवली. मागे पाहिलं असतं तर तिकीट विचारावं लागलं असतं ना! बैलगाड्या कधीच्या खोळंबल्या होत्या. त्या माणसाने अख्खी बिडी संपवली, मग फाटकाला हात घातला, असा हळू, जणू पहिल्यांदाच उघडतोय. एवढाच उपकार. एका थांब्याचा."

"मग लग्न?"

"मांडव कुठे रिकामा राहतो?" शशीताईंनी मनवाच्या हनुवटीवरचं केळं पुसलं. "एवढं चांगलं स्थळ, सोडायचं कसं? शेजारच्या क्वार्टरमध्ये तारबाबू राहायचे. त्यांची पोर उभी केली त्याच मुहूर्तावर, माझ्या मुंडावळ्या बांधून. माझी मैत्रीण. माझ्याहून लहान."

कूलर गुरगुरायचा थांबला. मला उत्तर कळलं होतं तरी मी विचारलं, "कोण?"

"तुझा नवरा धाकटा मुलगा तिचा."

मी म्हटलं, "म्हणून मला आत बोलावलंत त्या दिवशी?"

"छे. तू अनवाणी आली होतीस म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं. मनवाला गोष्ट सांगायच्या आवाजात, पण पॅसेजभर ऐकू जाईल असं.

"या, या! ही गाडी बंद पडत नाही, थांबते! हा पहिला थांबा. आता फाटक लागलं. आता गाडी पुढे. आता दुसरा थांबा. गार्ड उतरलाय, पाठ करून उभा आहे. आता कुणी बोलायचं नाही."

पाणी प्यायला आलेल्या बायका बाटल्या धरून उभ्या राहिल्या. "मग? पुढे काय?" एकीने विचारलं.

"पुढचं तिकडून दिसत नाही. इकडे या, माझ्या बाजूने."

ती टेबलाला वळसा घालून आली. शशीताईंनी तार ओढली. त्या बाईने तोंडावर हात ठेवला, मग पलीकडे नवऱ्याला न सांगता मैत्रिणीला हाक मारली, "अगं ए, इकडे ये आधी!" थोड्याच वेळात समोर कुणी नाही आणि आमच्या पाठीमागे रांग, अशी गत झाली. प्रत्येक खेपेला पॅसेज गप्प व्हायचा. मुलगी डब्याला चिकटली की कुणीतरी श्वास सोडायचं. एक आजीबाई तर हळूच "जा बाई, जा" म्हणाल्या.

वर्तक धावत आले. "अहो, वाट अडलीय! लोकांना हॉलमध्ये जाता येईना. हलवा गर्दी!"

"गाडी थांबलीय, साहेब," मी म्हटलं. "फाटक उघडलं की सोडते."

शशीताईंनी तार धरून ठेवली. वर्तकांना थांबावं लागलं. चांगली बिडीभर वेळ.

मिरजेला परतल्यावर मी टेम्पोवाल्याला मांडणी आमच्याच घरी उतरवायला सांगितली. शशीताई म्हणाल्या, "नको गं." मी ऐकलं नाही. पुढच्या खोलीत, सोफा सरकवून, सगळं जोडलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आई, जरा त्या टोकाला उभ्या राहता? मनवाकडे बघत मला दोन्ही जमत नाही."

गाडी शेळवाडीहून सोडली. पहिला थांबा. फाटक. दुसरा थांबा.

"कुठली ओढू?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत. बघा."

त्यांनी ओढली. बाभळीमागून मुलगी निघाली, डब्याला जाऊन चिकटली. सासूबाई वाकल्या. चष्मा पदराने पुसून पुन्हा वाकल्या. मी बटणावर हात ठेवून उभी. गाडी सोडायचं धाडस होईना.

"निळं पातळ माझं होतं," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी मागून नेलं. म्हणाली, उद्या देते."

मनवा टेबलाच्या कडेला लोंबकळत होती. तिला आवरायचंही मला सुचलं नाही.

"गाडी उद्या जाणार हे तिला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मला नव्हतं. मला कुणी काही विचारलंच नाही. बापाने नाही, त्या लोकांनी नाही. निदान तिने तरी विचारायचं." त्यांनी त्या बाहुलीला बोट लावलं, अगदी हलकं. "बाभळीमागे दोन पाहिजे होत्या."

मग त्या आत गेल्या आणि भाकऱ्या थापायला लागल्या. इतक्या जोरात, की परातीचा आवाज मागच्या गल्लीत गेला असेल.

मनवा आता शाळेत जाते. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही खूप लांब आलो आहोत, सासूबाईही आमच्याबरोबर. मागच्या दिवाळीत मी आणखी एक बाहुली केली. पिवळी साडी, हातात काही नाही. रंग सासूबाईंनी निवडला. मिरजेला पाठवली. शशीताईंचा फोन आला, "हिला लपवू कुठे? बाभूळ एकच आहे."

"दोघी मावतील," मी म्हटलं.

मागून सासूबाई म्हणाल्या, "माझं पातळ दे म्हणावं आधी." फोनवर शशीताई हसल्या.

आता त्या फोन उचलत नाहीत. सोमवारपासून नुसती वाजत राहते घंटा. त्यांच्या शेजारचं घर विकलं गेलंय, गल्लीतलं कुणी ओळखीचं उरलं नाही. मला माहीत आहे, मी मनवाच्या शिंकेलाही घाबरणारी बाई आहे. पण सासूबाईसुद्धा आता सकाळी उठल्या उठल्या विचारतात, "उचलला का तिने?" आणि मग स्वतःच म्हणतात, "गेली असेल उठून कुठेतरी. पण या खेपेला सांगून जायचं होतं."

आम्ही निघतोच आहोत, तिकिटं मिळाली की. तोवर तुमच्यापैकी कुणी मिरजेत असाल तर एवढं करा. सतारवाल्यांच्या गल्लीमागे, हिरवं दार, दाराशी तुळशीच्या तीन कुंड्या. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, आणि एका हाकेला ओ देण्याची त्यांना सवय नाही. तेव्हा एकदा कडी वाजवून परत फिरू नका. वाजवा, थांबा. मग पुन्हा वाजवा. आणि दुसऱ्या थांब्याला जरा जास्त वेळ उभे राहा.